दहाव्या टप्प्यातली म्हातारी

चित्र आले, पण रंग आला नाही.

धैर्यशीलने वायर काढून पुन्हा जोडली. शंभर व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर हाताने चाचपला. तो बेताचाच कोमट होता. जपानहून मागवलेले व्हिडिओ गेमचे यंत्र सुरळीत चालत होते, जपानी कॅसेटही चालत होती. मात्र त्याच्या राजारामपुरीतल्या घरातला जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही जपानी पद्धतीने पाठवलेला रंग ओळखत नव्हता. नदी करडी, होडी करडी आणि होडीत वल्हे धरून उभा असलेला इवलासा नावाडीही करडा.

हे बघायला जमलेल्या मित्रांपैकी पिराजीला हसू आवरेना. शबनूरची कथा त्याने आसपासच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर सांगितली होती. क्लासमध्ये गणित शिकवणाऱ्या शबनूरच्या शब्दावर या मित्रमंडळात कुणी शंका घेत नसे. अपवाद एवढा एकच. लहानपणी गडहिंग्लजला ती जो खेळ खेळे, त्यात दहाव्या टप्प्याच्या शेवटी होडीतून उतरलेली म्हातारी मागे वळून खेळणाऱ्याला कमरेत वाकून नमस्कार करते, असे तिचे म्हणणे होते. गेल्या वर्षी धैर्यशीलने त्याच खेळाची अमेरिकी कॅसेट मिळवली आणि आता बिघडलेल्या नव्या टीव्हीवर ती लावली. ती आठव्या टप्प्यावर संपली. तीत म्हातारीच नव्हती. त्या दिवसापासून शबनूरचा नवरा वसीमसुद्धा तिची बाजू घेताना चाचरू लागला.

शबनूर चाचरली नाही. लहानपणीच्या कॅसेटवरचे पहिले जपानी अक्षर तिला भूमितीतल्या आकृतीसारखे आठवत होते. ते कागदावर काढून त्याचा फोटो ती जपानी विक्रेत्यांना पाठवत राहिली. अखेर ओसाकाच्या एका दुकानदाराने कळवले, की या अक्षराची कॅसेट आपल्याकडे आहे. तीच आज यंत्रात बसवली होती.

वसीमने बेत पुढे ढकलण्याचे सुचवले. धैर्यशीललाही ते पटले. या खेळात नदीला जागोजाग दोन फाटे फुटतात. एका फाट्यावर तांबडा कंदील असतो, दुसऱ्यावर हिरवा, आणि हिरव्याकडे न वळल्यास होडी बुडते, हे अमेरिकी कॅसेटमुळे सर्वांना ठाऊक होते. रंगच नसेल तर कंदील ओळखायचा कसा?

"म्हंजे म्हातारी आता फुडच्या रविवारी येणार," पिराजी म्हणाला. "भाभी, निमित्त झ्याक घावलं की."

शबनूरने त्याच्याकडे पाहिले नाही. ती टीव्हीसमोर सतरंजीवर मांडी घालून बसली आणि तिने खेळाचा रिमोट हातात घेतला.

पहिला फाटा आला. दोन्ही कंदील करडे. तिने क्षणभरही न थांबता होडी डावीकडे वळवली. होडी बुडाली नाही. पुढच्या फाट्यावर तिने ती उजवीकडे घेतली. तिथेही बुडाली नाही. धैर्यशील खुर्ची सोडून सतरंजीवर आला.

"कळतंय कसं तुला?" वसीमने विचारले.

"एक उजळ हाय, एक मंद. उजळाकडं वळायचं." तिची नजर पडद्यावरून हलली नाही. "आमच्याकडं ब्लॅक अँड व्हाइटच होता की. तांबडं-हिरवं हे मला तुमची अमेरिकेची कॅसेट बघून कळलं."

आठवा टप्पा संपला. अमेरिकी कॅसेटमध्ये इथे शेवटची पाटी येत असे. इथे नदी पुढे वाहत राहिली. नवव्या टप्प्यात काठावर एक म्हातारी बोचके घेऊन उभी होती. ती होडीत चढली, तेव्हा पिराजीने हातातला कप खाली ठेवला.

दहाव्या टप्प्यात भोवरेच भोवरे होते. शबनूरची एक होडी गेली, मग दुसरी गेली. शेवटची उरली. वसीमने पंखा बंद केला. का, ते त्यालाही सांगता आले नसते. शबनूरचा अंगठा मात्र घाई करत नव्हता. भोवऱ्याच्या कडेने फिरत, प्रवाह मिळाला की एकेक वल्हे मारत तिने होडी काठाला लावली.

म्हातारी उतरली. पाठ फिरवून चालू लागली.

"चालली की," पिराजी पुटपुटला.

म्हातारी थांबली. वळली. बोचके खाली ठेवून ती कमरेत वाकली आणि बराच वेळ तशीच राहिली.

वसीमने बायकोकडे पाहिले आणि मान खाली घातली. पिराजी घसा खाकरून म्हणाला, "आता हे समद्या टपऱ्यांवर जाऊन परत सांगाय लागंल मला."

"चालत जावा," शबनूर म्हणाली. "सावकाश सांगा."

गडहिंग्लजची कॅसेट नकली होती. तिच्यातले चित्र इथेच अडकून पडे, आणि म्हातारीचा नमस्कार हाच खेळाचा शेवट, असे शबनूर आजवर समजत आली होती. पण म्हातारी सरळ उभी राहिली, बोचके उचलून दिसेनाशी झाली. नदीचे काठ हळूहळू दूर सरकले, समोर समुद्र उघडला आणि पडद्याच्या कोपऱ्यात अकराचा आकडा उमटला.

शबनूरने ओढणी खांद्यावरून घेऊन कमरेला खोचली.

"सरका जरा मागं," ती म्हणाली. "हितनं फुडं मलाबी म्हाईत न्हाय."