बोरीची शिरगणती

एक्कावन्न सालच्या शिरगणतीला मास्तर बोरीत घरोघर फिरले. लेकरं मोजली की नजर लागते, म्हणून छबूबाईनं पाचांतली धाकटी दोघं कणगीमागं लपवली आणि सांगितलं, "तीनच हायती, मास्तर." गावात बहुतेक घरांनी हेच केलं.

दोन वर्षांनी पटकीची साथ आली. डॉक्टर म्हणाले, "देश गरीब, माणसं फार. वहीत जेवढी डोकी, तेवढीच लस मिळाली." छबूबाईच्या लेकरांच्या वाट्याला तीन सुया आल्या.

साथ ओसरल्यावर मास्तर वही दुरुस्त करायला आले. "छबूबाई, आता तरी खरं सांगा. लेकरं किती?"

तिनं कणगीकडं बघितलं. मागं कुणी नव्हतं.


"तीनच हायती, मास्तर."