तक्रारीवरची सही

"सही कर गो, दिपिका. तिसऱ्यांदा सांगतोय."

पुंडलिकने तक्रारीचा कागद सुनेपुढे सरकवला. तिने पेनाला हातसुद्धा लावला नाही. "नको, बाबा," एवढंच म्हणाली.

प्रविणला जाऊन अठरा दिवस झाले होते. पेणहून रोह्याला माल नेताना आडवी आलेली म्हैस चुकवायला गेला आणि त्याची पिकअप झाडावर आदळली. पट्टा लावलेला होता. पण एअरबॅग उघडलीच नाही. स्टिअरिंग छातीत बसलं.

तेव्हापासून पुंडलिकला अन्न गोड लागत नव्हतं. कंपनीने खोटी एअरबॅग बसवून आपला एकुलता एक पोर मारला, हेच तो भेटेल त्याला सांगत सुटला होता. वकील गाठला, अर्ज लिहून घेतला. गाडी प्रविणच्या नावावर, म्हणून अर्जावर त्याच्या बायकोची सही हवी होती. आणि तीच नाही म्हणत होती.

"नवरा गेला तुझा!" तो ओरडला. "तुला कायच वाटत नाय?"

 दिपिका उठून आत गेली.

पुंडलिक तसाच एसटीत बसून रोह्याला उतरला आणि वरसे गावातलं गॅरेज गाठलं. चुरगळलेली पिकअप तिथेच पडून होती. हिरामण मिस्त्रीचे त्याने हात धरले. "एअरबॅग खराब होती, एवढं लिहून दे रं. तुझ्या पाया पडतो."

हिरामण गाडीला वळसा घालून पुढे आला. मग पुढच्या जाडजूड लोखंडी बंपरवर हात ठेवून म्हणाला, "काका, हा कंपनीचा नाय ना?"

"नाय. मी बनवून घेतला, पेणला. कंपनीच्या त्या प्लास्टिकचा काय भरवसा?"

"कंपनीचा बंपर धडकेत चेपतो. तो कसा चेपतो, त्या हिशोबाने एअरबॅगचे सेन्सर बसवलेले असतात. हे लोखंड चेपलंच नाय. धक्का भलतीकडेच गेला. सेन्सरला वेळेवर कळलंच नसेल." हिरामणने मान खाली घातली. "पक्कं काय ते तपासणीत निघेल. पण तुमचा तो अर्ज गेला, की पहिला हा बंपरच बघतील."

 पुंडलिक तेलकट मातीत बसकण मारून बसला. बंपर लावायचाच, हा हट्ट त्याचा होता. बापलेकांचं बोलणं एरवी कामापुरतंच. बंपर बसवायच्या दिवशीही प्रविण काही बोलला नव्हता. मुकाट्याने गाडी वेल्डिंगवाल्याकडे घेऊन गेला होता.

घरी आल्यावर त्याने चप्पलही काढली नाही. सरळ सुनेसमोर जाऊन उभा राहिला.

"कंपनीने नाय मारला त्याला. मी मारला. माझ्या त्या बंपरने..."  तो दोन्ही हातांनी स्वतःचं कपाळ बडवू लागला.

दिपिकाने त्याचे हात घट्ट धरले. "मला ठाऊक हाय, बाबा. म्हणून तर सही केली नाय. चौकशी झाली असती, तुम्हाला कळलं असतं."

 "तुला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच. गाडी घेतली तेव्हाच शोरूमवाल्याने बजावलं होतं, बाहेरचा बंपर लावू नका, एअरबॅगला धोका हाय. मी म्हटलं, मग बाबांना सांगा की." तिने त्याचे हात अजून सोडले नव्हते. "तर म्हणाले, 'नको गो. बाबांनी जन्मात पहिल्यांदा माझ्यासाठी कायतरी हौसेनं केलंय.'"