खापरावरचा निरोप

“आम्ही दोघेही खुशाल आहोत. द्राक्षं उतरायच्या आत घरी पोचतो.” अरिशतने हातातल्या खापरावरून वाचून दाखवलं आणि खापर पटकन ओट्यावर पालथं ठेवलं.

तिच्या सासूच्या, म्हाताऱ्या मिर्तोच्या मनात तिथेच पाल चुकचुकली. मुळात खापर बोलतं यावरच तिचा विश्वास नव्हता. ही सिदोनची फिनिशियन सून घरात आली आणि तिने थोरल्या दामोनला या रेघोट्यांचा नाद लावला. आता दोन्ही लेक समुद्रावर, आणि त्यांचा शब्द कळायचा तो या बयेच्या तोंडून!

“धाकट्याचं काय लिहिलंय?”

“निकोन ना? मजेत आहे म्हणे, आई,” मान वर न करता सून म्हणाली.

सून पाण्याला गेली तशी मिर्तोने खापर शालीखाली दडवलं आणि तडक लांपिस कुंभाराचं घर गाठलं. बंदरावरच्या फिनिशियन लोकांकडून तो नुकताच अक्षरं शिकला होता.

“आहे तेवढंच वाच. पदरचं काही घालू नकोस.”

“मला कुठलं घालता येतंय, मावशी! एकेक अक्षर तोंडाने म्हणावं, तेव्हा कुठे मलाच कळतं काय लिहिलंय ते.”

“मग तूच बरा.”

लांपिसने खापर उन्हात धरलं आणि अक्षरांवरून बोट सरकवायला लागला.

“नि… को… न… बु… डा… ला.”

शब्द तोंडातून गेला आणि मग त्याला त्याचा अर्थ लागला. बोट जागच्या जागी थांबलं.

“पुढे?” म्हातारीने विचारलं.

“आईला… सांगू नकोस. मी… येऊन… सांगेन.”

मिर्तो घरी परतली तेव्हा अरिशत रिकाम्या ओट्यापाशी उभी होती. चेहरा पांढराफटक पडला होता.

“लांपिसकडे नेलंत?”

“नेलं. माझा भरवसा नव्हता तुझ्यावर.”

“मग… काय म्हणाला तो?”

म्हातारी भिंतीला धरून खाली बसली. तिने खापर सुनेच्या हातात दिलं.

“तू वाचलंस तेच. पण फार अडखळतो मेला. तू वाच परत. निकोनचं तेवढं दोनदा वाच.”