संत रामोनच्या झिणझिण्या

जरा जवळ सरकून बसा, मोंपोस गावातल्या एका चमत्काराची गोष्ट सांगतो. एका सकाळी एउलालियाच्या जुन्या घरातल्या संत रामोनच्या पितळी मूर्तीच्या पायांना हात लावला की झिणझिण्या येऊ लागल्या. अख्खी गल्ली भक्तीने अनवाणी रांगेला लागली. एकाचा हात तर झटक्याने मागे उडाला, तेव्हा टाळ्या पडल्या. आठवा महिना लागलेल्या यादिराला बाळासाठी हा आशीर्वाद हवाच होता. तिने पाय धरले, पण काहीच झालं नाही.

"रबरी चपला घालून संतापुढे आलीस, मग काय होणार?" नणंद नूबिया म्हणाली.

यादिराने एक चप्पल काढली.

"घाल ती आधी! फरशी ओली आहे," सासू एउलालिया चुलीपासूनच खेकसली. "सर्दी झाली तर संत काढा करून देणार आहे का?"

सगळे हसले. यादिराने ओशाळून पाय पुन्हा चपलेत सरकवला. तेवढ्यात संताच्या मागे चर्रर्र झालं, धूर निघाला आणि घरातले दिवे गेले. भिंतीतली जुनी वायर सोलवटून पितळेला टेकली होती; झिणझिण्या विजेच्या होत्या आणि यादिराला रबरी चपलांनी वाचवलं होतं.

संत त्या दिवशी बोलला खरा, पण सासूच्या तोंडून. देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या खेकसणाऱ्या एउलालियाची आठवण ठेवा.