दहा झाडं

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी म्हातारा ओइवा हिल्काच्या घरामागच्या उतारावर पोचला, तेव्हा तिथे रान नव्हतं. स्प्रूसच्या झाडांचे कापलेले बुंधे होते. त्यांच्यामध्ये फांद्यांचे ढीग पडले होते आणि एरवी जूनमध्येही न सुकणारं शेवाळ उन्हाने तपकिरी झालं होतं.

हिवाळाभर तो औलू शहरात मुलीकडे होता, खुब्याच्या ऑपरेशनसाठी. फिनलंडच्या उत्तरेकडच्या आपल्या गावी, कूसामोला, कालच परतला होता.

तो अवघडत गुडघ्यांवर बसला आणि फांद्या बाजूला करू लागला. एकोणीस वर्षं तो इथे एक फूल पाहायला येत होता. बोटभर उंचीचं, गुलाबी, एका देठाला एकच, दाट झाडांच्या सावलीतच येणारं. आकार इवल्या चपलेसारखा, म्हणून गावात त्याला कुमारीचा जोडा म्हणतात. गेल्या जूनमध्ये बेचाळीस फुलं होती. ही जागा त्याने कोणाला दाखवली नव्हती, सरकारदरबारी नोंदवलीही नव्हती. पूर्वी एक जागा दाखवली होती, ती फोटो काढणाऱ्यांनी पोटावर लोळून आठवड्यात सपाट केली. हे कारण तो स्वतःला सांगत असे. दुसरं कारण असं, की ही फुलं आपल्या एकट्याला ठाऊक आहेत याचं त्याला सुख होतं.

"मास्तर, खुबा नवा मिळाला म्हणून काय लगेच चढण चढायची?"

हिल्का खालून थर्मास घेऊन येत होती. चाळीस वर्षांपूर्वी ती त्याच्या चौथीच्या वर्गात होती. आता हे रान तिचं होतं.

"सगळं कापलंस," ओइवा म्हणाला. "मला एका शब्दाने विचारायचं तरी."

"विचारलं होतं की. मागच्या उन्हाळ्यात, दुकानात. तुमचं ते फूल माझ्या उतारावर येतं का, म्हणून."

ओइवाला आठवलं. हिल्काकडे पर्यटकांना भाड्याने द्यायची तीन घरं होती. त्याला वाटलं होतं, पाहुण्यांना फिरवून आणायला ती जागा शोधते आहे. "तुझ्या उतारावर?" तो म्हणाला होता. "तिथे डासांशिवाय काय येतं?" रांगेतली माणसं हसली होती. हिल्काही हसली होती.

तिने कपात कॉफी ओतली.

"झाडं तोडायच्या आधी कागद भरावा लागतो, रानात दुर्मिळ फुलं आहेत का ते त्यात लिहायचं असतं, त्यासाठी विचारलं होतं. मला आपलं वाटायचं, इथेच असतील. दर जूनमध्ये खिडकीतून तुमची पाठ दिसायची ना. मशीनवाला तर राखायच्या झाडांना बांधायची लाल फीत घेऊन उभा होता. म्हणाला, बाई, शंका असेल तर एवढी दहा झाडं सोडून देतो. मी म्हटलं, नको. मास्तर नाही म्हणालेत."

तिने कप पुढे केला. ओइवाने तो घेतला नाही. त्याचे हात मातीने भरले होते.

"मग आता काय शोधताय?"

"चष्मा," ओइवा म्हणाला.

चष्मा त्याच्या नाकावर होता. हिल्काने तो पाहिला. मग तिने कप एका बुंध्यावर ठेवला, त्याच्या शेजारी गुडघे टेकले आणि तीही फांद्या उचलू लागली.