डावा पाय

डबा खाऊन सुखरामनं चुन्याची डबी काढली, पण तंबाखू मळला नाही. बोटभर चुना घेऊन तो शेठच्या जीपमध्ये वाकला आणि क्लचच्या पेडलवर जाड लेप दिला. मग रोजच्यासारखी चाबी गोदामातल्या खिळ्याला अडकवली आणि मागच्या बाजूला धानाच्या पोत्यांवर जाऊन आडवा झाला. लपून पाहत बसता आलं असतं. पण शेठच्या भाच्याला रंगेहाथ धरायचं म्हणजे अख्ख्या अड्याळ गावाला तमाशा. त्यापेक्षा पायाचाच पुरावा बरा.

हो, भाचाच. दुसरं कोण असणार? मामाच्या गादीवर बसून मोबाइल पाहणारा माणूस. जेवल्यावर सुखराम तासभर झोपतो हे त्याला ठाऊक होतं, आणि चाबी कुठे लटकते हेही.

गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या वर्षी ही जीप आली. तेव्हापासून तिला सुखरामशिवाय दुसरा हात नव्हता. एकेक क्लचप्लेट त्यानं पाच-पाच वर्षं चालवली. पवनीचे डायव्हर आपल्या पोरांना सांगत, पाय पाहायचा तर सुखरामचा पाहा. आणि या एका वर्षात तीन प्लेटा जळाल्या! सेवकराम मिस्त्रीनं तिसरी प्लेट हातात धरून सांगून टाकलं, की हे क्लचवर पाय ठेवून चालवणाऱ्याचं काम आहे. सगळ्यांच्या देखत सांगितलं. सुखरामला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

शेठ काही वाईट माणूस नाही. त्यानं ओरडाआरडा केला नाही. नुसतं म्हणाला, "सुखराम, लय चालवली तू. शनिवारपासून राजकुमारले चाबी दे. तोवर ही नवी प्लेट टिकली तं पाहू."

राजकुमार म्हणजे सुखरामचाच पोरगा. याच गोदामात पोती उचलायचा. हमालाला कोणी पोरगी देत नाही म्हणून त्याच्या आईच्या, गिरजाबाईच्या जिवाला घोर होता. तिला तर या गोष्टीचा आनंदच झाला. चाबी घरातच राहते म्हणाली. सुखरामनंही तेच मनाशी घोकलं, पण घास उतरेना. माणूस नोकरीवरून जाईल, पण नालायक ठरून जावं का?

पोरगा मात्र गुणाचा. महिनाभरापासून रोज संध्याकाळी जवसाचं तेल गरम करायचा, बापाचा डावा गुडघा मांडीवर घ्यायचा आणि हळूहळू समजवायचा. "बाबा, तुमचा पाय आता तुमाले विचारत नाही. क्लचवर जाऊन बसते, अन् तुमाले पत्ताच लागत नाही." इतक्या मायेनं म्हणायचा, की सुखरामलाही गुडघा दुखतो असं वाटायला लागलं होतं. खरं तर त्याला कधी कळही आली नव्हती.

गाडी त्यानंच तर शिकवली होती राजकुमारला. तलावाच्या पाळीवर, त्या उंच बांधावर. क्लच म्हणजे परक्याचं घर, काम असलं तं जा, काम झालं का निंग, असं सांगितलं होतं. एकदा तर पाळीच्या चढावर हँडब्रेक ओढून, अर्धा क्लच दाबून, मुद्दाम जळका वास काढून दाखवला होता. अशी पाव तास ठेवली तर प्लेटीचा भुगा होते, हा वास आला का समज डायव्हर कामातून गेला. पोरानं नाक दाबून मान डोलावली होती. गिरजाबाईनं तेव्हा सुखरामला वेड्यात काढलं होतं. शेठची गाडी अन् तुम्ही पोराले जाळून दाखवता म्हणे.

सुखराम उठला तेव्हा जीप जागच्या जागी होती. बोनेट मात्र तव्यासारखं तापलेलं. दार उघडलं तर तोच वास. पेडलवरचा चुना मधोमध पुसून गेला होता.

त्याचं डोकं फिरलं. तरातरा गादीपाशी गेला. भाचा तंगड्या पसरून मोबाइलवर हसत होता. त्याच्या चपला खाली होत्या. सुखरामनं एक उचलून पाहिली, दुसरी उचलून पाहिली. तळाला नुसती धूळ होती. पायही कोरडे, स्वच्छ. भाच्यानं विचारलं, काय होऊन राहिलं काका? सुखराम काही नाही म्हणाला. एवढे दिवस मनातल्या मनात त्या पोराला शिव्या घातल्या, त्याची लाज वाटली.

मग कोण? राजकुमारला विचारावं म्हटलं, तर तो आज लवकरच घरी गेला होता. तेल गरम करून ठेवतो, असा निरोप ठेवून.

मग आपलाच पाय असेल, असं स्वतःला बजावत सुखराम घरी निघाला. झोपेत चालतात म्हणे माणसं. पाळीवरून जाताना चढावर चाकांनी उकरलेली माती दिसली, तरी तो थांबला नाही.

दारात राजकुमारच्या चपला पडल्या होत्या, एक सरळ, एक उलटी. हे नेहमीचंच. दारात उलटी चप्पल म्हणजे घरात भांडण, असं गिरजाबाई कितीदा ओरडायची; पोरगा ऐकत नसे, आणि सुखराम येता-जाता मुकाट्यानं ती सरळ करत असे. आजही सवयीनं वाकला.

चप्पल डाव्या पायाची होती. पंजाखालच्या खाचांमध्ये चुना भरला होता, अजून ओला.

हात तसाच अधांतरी राहिला.

आतून आवाज आला, "बाबा, या ना. तेल गरम आहे. पाय दाबून देतो."

सुखरामनं हात मागे घेतला. चप्पल होती तशी उलटीच ठेवली आणि तो आत गेला.