प्रतीक्षा : अर्जदार

सातवं कार्डही तसंच आलं. वरच्या कोपऱ्यात वकिलातीचा शिक्का आणि मधोमध टाइप केलेले दोनच शब्द : "प्रतीक्षा : अर्जदार."

"म्हणजे अजून थांबा," धाकटी म्हणाली आणि तिनं ते आधीच्या सहा कार्डांवर ठेवलं.

धाकटी कवळ्या करायची. मेणात दात बसवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. परदेशातल्या एका कवळ्यांच्या कारखान्यानं तिला नोकरी देऊ केली होती. उजेडाचं एक टेबल तिच्यासाठी राखून ठेवलं होतं. व्हिसाची मुलाखतही झकास झाली होती. साहेबानं मान डोलावली होती. त्याचा दुभाष्या तिकडचाच, आपली भाषा व्याकरणाच्या पुस्तकातून शिकलेला. "आपण आता जाऊ शकता," असं त्यानं हसून सांगितलं होतं. व्हिसा आठवड्याभरात यायचा होता. त्याला सात महिने झाले.

निरोप मात्र मुलाखतीच्या दुसऱ्याच दिवशी देऊन झाला होता. कामावरच्या मैत्रिणी गळ्यात पडून रडल्या, त्यांनी एक छत्री दिली. त्यामुळे आता धाकटीला तोंड दाखवायची चोरी. "अगं बाई, तू अजून इथेच?" हे ऐकायला नको म्हणून ती मागच्या जिन्यानं ये-जा करी. भरलेली बॅग दारापाशी उभी होती. लागेल तसा ती तिच्यातून एकेक कपडा काढी. दादा दर रविवारी बॅग उचलून काट्यावर ठेवी.

"पंधरा किलो! पोरगी आहे तिथेच आणि बॅग वाळत चाललीय."

आईनं त्या बॅगेवर विणलेला रुमाल घालून टेलिफोन ठेवला होता. तेव्हा साऱ्या घराला मिळून एकच टेलिफोन असे, काळा, जड, आणि त्याला मानाची जागा लागे.

एकदा धाकटी दुपारीच घरी आली, तर आई फोनवर बोलत होती. "येईल हो, येईल. म्हणालीय ना ती? मग घाई काय एवढी?"

"कोण होतं गं?"

"राँग नंबर."

"राँग नंबरशी एवढ्या गप्पा?"

"दर महिन्याला लागतो बिचाऱ्याचा. फार शुद्ध बोलतो."

मग कारखान्याचं पत्र आलं. महिनाअखेरपर्यंत हजर झाला नाहीत तर टेबल दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल. धाकटीनं सातही कार्डं पर्समध्ये कोंबली.

"मी वकिलातीत जाऊन येते."

"मीपण येते."

"तू कशाला?"

आई तोवर जिन्यात पोचली होती.

वकिलातीत खिडकीपलीकडे तोच दुभाष्या होता. धाकटीला पाहताच तो उभा राहिला. "आलात! साहेब, त्या आल्या!"

आतून साहेब लगबगीनं फाइल घेऊन आला. फाइलीत तिचा पासपोर्ट होता. पासपोर्टात व्हिसाचा शिक्का होता, मुलाखतीच्या तारखेचा. खाली फक्त सही नव्हती.

"मग सात महिने अडलं कुठे?" धाकटीनं विचारलं.

"आपल्यावाचून अडले. साहेबांनी सहीसाठी पेन उचलले होते. मी म्हणालो, आपण जाऊ शकता. आपण उठलात आणि म्हणालात..." त्यानं फाइलीतल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "'येते.' आम्हांस वाटले, एखादा कागद आणावयाचा राहिला असेल. साहेब म्हणाले, येते म्हणाली आहे, तर थांबू या. आम्ही थांबलो. कार्डेही पाठविली, की आम्हांस अर्जदाराची प्रतीक्षा आहे. दरमहा दूरध्वनी केला. एक बाई सांगत, येईल, येईल."

धाकटी सावकाश मागे वळली. आई छतावरच्या पंख्याकडे बघत होती.

"आई! वकिलातीतून बोलतोय, असं सांगितलं नाही त्यांनी?"

"सांगितलं असेल."

"आणि तू मला बोलली नाहीस?"

"तो विचारायचा, आपली कन्या येणार आहे ना? मग काय, नाही म्हणू?" आईनं पंख्यावरची नजर काढली नाही. "बाकीचे सगळे, कधी जाणार, कधी जाणार, हेच विचारायचे. येणार का, असं विचारणारा तो एकटाच."

साहेबानं सही केली. दुभाष्यानं पेन हातात घेतलं.

"आता फाइल बंद करावयाची. शेवटच्या ओळीत 'जाते' असे पाहिजे. कृपया म्हणावे."

धाकटीनं जन्मात कधी असं म्हटलं नव्हतं. लहानपणी एकदाच, शाळेला निघताना तोंडून निसटलं होतं. तेव्हा आईनं तिला अर्ध्या रस्त्यातून परत आणून दारात उभं केलं होतं आणि "येते" म्हणवून घेतलं होतं. शाळेची घंटा होऊन गेली होती. तिनं आईकडे पाहिलं.

"म्हण," आई म्हणाली आणि तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

"जाते."

दुभाष्यानं ते सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि फाइलची नाडी बांधायला घेतली. आईनं कानांवरचे हात काढले. ते खिडकीच्या फटीतून आत घालून तिनं ती नाडी घट्ट धरली.

"थांबा. त्याच्याखाली 'येते' लिहा. आणि फोन बंद करू नका हं. दर महिन्याला विचारत जा मला, येणार ना म्हणून."